चित्रातला यहुदी, चित्रातला अरब

सौदी अरेबियाच्या धर्मपीठाने २००१ सालच्या मार्च महिन्यात मुलांच्या एका खेळावर बंदी घातली. खेळ जपानी होता, नाव पोकेमॉन. पिकाचू नावाचा पिवळा, गुबगुबीत, शेपटीत वीज असलेला प्राणी त्यातला नायक. त्याची हलती चित्रे १९९७ सालच्या एप्रिलपासून जपानी दूरदर्शनवर दिसू लागली आणि चार वर्षांत ती रियाध व जेद्दाच्या घराघरांत जाऊन पोचली. मुले त्याचे पत्ते जमवीत, त्यांची अदलाबदल करीत, कधी पैसेही मोजीत. धर्मपीठाचा एक आक्षेप जुगाराचा होता. तो समजण्याजोगा आहे. आमच्या लहानपणी गोट्यांवर पैसे लावणाऱ्या मुलांना शेजारचे आजोबा काठी घेऊन हाकलीत, ते याच कारणासाठी. परंतु दुसरा आक्षेप आपल्या वाचकांनी लक्ष देऊन ऐकावा असा आहे. काही पत्त्यांवर सहा टोकांचा तारा आहे, तो झायनवाद्यांचा तारा होय, आणि हा खेळ त्यांच्या प्रचाराचे साधन आहे, असे त्या निर्णयात म्हटले होते.

त्या सुमारास अरब देशांत आणखी एक अफवा पसरली होती. पोकेमॉन या शब्दाचा जपानी भाषेत अर्थ ‘मी यहुदी आहे’ असा होतो, ही ती अफवा. वास्तविक हा शब्द ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या दोन इंग्रजी शब्दांचा जपानी तऱ्हेने केलेला संक्षेप आहे. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी यास बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि त्या छंदातून त्यास हा खेळ सुचला. त्याच्या कल्पनेत ना येरुशलायीम होते, ना मक्का.

वाचकहो, ही गोष्ट ऐकून प्रथम हसू येते. आम्हांसही आले. परंतु हसू ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. ज्या मुलाने आयुष्यात एकही यहुदी पाहिलेला नाही, त्याच्या मनात यहुदी या शब्दाबरोबर कोणते चित्र उभे राहत असेल? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपल्या मुलांच्या मनात अरब या शब्दाबरोबर कोणते चित्र उभे राहते, आणि ते कोणी काढून ठेवले आहे? ७ ऑक्टोबर २०२३ नंतर या प्रश्नावर शांतपणे बोलणे सोपे राहिलेले नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो लहान मुलांच्या चित्रांपासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते.

चित्राविषयीचा संशय

सौदी अरेबियात चित्राविषयी संशय जुना आहे, आणि त्याचे मूळ आपल्याला परके नाही. सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा कोरीव मूर्ती व प्रतिमा करण्यास मनाई करते. कोकणातील आपल्या प्रार्थनागृहांत कोठेही मूर्ती वा मनुष्याकृती नसे. आणि त्या प्रार्थनागृहास आपण ‘मशीद’ म्हणत आलो. मुंबईच्या मस्जिद बंदर स्टेशनास ते नाव १७९६ साली बांधलेल्या आपल्या शाआर हारहमीमवरून पडले, असे सांगितले जाते. तेव्हा प्रतिमेस भिणारा मनुष्य अडाणीच असतो, असे आपण तरी म्हणू नये.

त्या देशात दूरदर्शन १९६५ साली राजे फैसल यांच्या कारकिर्दीत आले, तेव्हा विरोध झाला आणि रक्तही सांडले. विरोध करणाऱ्यांपैकी राजघराण्यातील एक तरुण, खालिद बिन मुसाइद, पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पुढे १९७५ साली त्याच्याच भावाने राजे फैसल यांचा खून केला. १९७९ साली मक्केच्या मोठ्या मशिदीवर सशस्त्र लोकांनी कब्जा केला, आणि त्या प्रसंगानंतर राज्याचे वळण अधिक कडक झाले. १९८० नंतरच्या काही वर्षांत चित्रपटगृहे बंद पडली. १९८६ साली बहरीनला जाणारा समुद्रावरचा पूल खुला झाल्यावर कित्येक सौदी कुटुंबे केवळ सिनेमा पाहण्यासाठी मोटारीने पलीकडे जात. रियाधमध्ये पुन्हा चित्रपटगृह उघडले ते १८ एप्रिल २०१८ रोजी. म्हणजे मुलांच्या एका पुऱ्या पिढीने मोठा पडदा पाहिला नाही. तिने पाहिली ती घरच्या पडद्यावरची कार्टुने, आणि जगाची बहुतेक ओळख तीतूनच करून घेतली.

२००८ साली सौदी अरेबियात राहणारे एक धर्मोपदेशक, मुहम्मद अल-मुनज्जिद, यांनी दूरदर्शनवर उंदीर हा सैतानाचा शिपाई आहे असे सांगितले व त्या ओघात मिकी माऊसचेही नाव घेतले. जगभरची वृत्तपत्रे त्यावर आठवडाभर हसत राहिली. परंतु त्या हसण्यात एक गोष्ट विसरली गेली. मिकीच्या घराण्याने इतरांची जी चित्रे काढली, तीही सर्वस्वी निर्दोष नव्हती.

लांडग्याने घेतलेला वेष

वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यातून १९३३ सालच्या मे महिन्यात ‘तीन लहान डुकरे’ हे आठ-नऊ मिनिटांचे चित्र बाहेर पडले. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गवताचे घर, काटक्यांचे घर आणि विटांचे घर, आणि ती घरे फुंकून पाडू पाहणारा लांडगा. विटांच्या घराशी आल्यावर लांडगा वेष पालटतो. मूळ चित्रात हा वेष यहुदी फेरीवाल्याचा होता. लांब नाक, दाढी, डोक्यावर टोपी, हातात विकायचे ब्रश आणि बोलण्यात यिद्दिश हेल. दार उघडावे म्हणून खाणाऱ्या जनावराने घेतलेले सोंग, ते यहुद्याचे!

त्याच वर्षीच्या जानेवारीत जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली होती. अमेरिकेतील ज्या चित्रकारांनी हे दृश्य काढले त्यांच्या मनात द्वेष होता, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळच्या रंगभूमीवर असा फेरीवाला विनोदासाठी नेहमी येई, आणि त्यांनी हाताशी असलेले सोंग उचलले. परंतु हाताशी असलेली सोंगेच अधिक धोक्याची असतात, कारण ती उचलताना कोणी विचार करीत नाही. त्या चित्रास ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि असंख्य मुलांनी ते पाहिले. १९४८ साली, म्हणजे आपले राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, डिस्ने यांच्या लोकांनी ते दृश्य नव्याने रेखाटले. फेरीवाला राहिला, यहुदी नाहीसा झाला. गोष्टीचे त्यामुळे काही बिघडले का? काहीच नाही. डुकरे तशीच हुशार राहिली, लांडगा तसाच फजीत झाला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये मॅक्स फ्लायशर व त्यांचे भाऊ डेव्ह यांचा कार्टुनांचा कारखाना जोरात होता. मॅक्स यांचा जन्म १८८३ साली क्राकोव शहरी एका यहुदी कुटुंबात झाला आणि ते लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आले. बेटी बूप त्यांची. पालक खाऊन बाहू फुगवणारा पोपाय खलाशी कागदावरून पडद्यावर आणला तोही त्यांनीच. त्यांच्या चित्रांतून कधी दुकानाच्या पाटीवर हिब्रू अक्षरे दिसत, कधी बेटीचे आईवडील यिद्दिश वळणाचे इंग्रजी बोलत. घरची आठवण असलेला तो प्रेमळ विनोद होता.

परंतु याच कारखान्याने १९३६ साली सिंदबाद, १९३७ साली अलीबाबा व चाळीस चोर आणि १९३९ साली अल्लाद्दीन यांच्या गोष्टी पोपायच्या अंगावर बेतल्या. चित्रे म्हणून ती सुरेख आहेत, त्यांतील रंग अद्याप डोळ्यांत भरतात. पण त्यांतल्या वाळवंटात वावरतात ते प्रामुख्याने चोर, लुटारू आणि दांडगे. पुढे वॉर्नर बंधूंच्या कारखान्यात फ्रिझ फ्रेलेंग यांनी १९५५ साली बग्ज बनी सशाला सहारात नेले, आणि १९५७ साली चक जोन्स यांनी त्याला अलीबाबाच्या गुहेत उतरवले. त्या गुहेचा पहारेकरी हसन म्हणजे भलीमोठी तलवार, अजस्र देह आणि मोडकेतोडके बोलणे. त्याचा आवाज मेल ब्लँक यांचा. फ्रेलेंग यहुदी होते, ब्लँकही यहुदी होते.

हे आम्ही दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या आजोबांचे नाक चित्रातून वाकडे काढले जात होते, त्यांच्याच हातून दुसऱ्याच्या आजोबांच्या हातात तलवार दिली गेली, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे. दुःख भोगलेल्यास दुसऱ्याचे दुःख आपोआप कळते, असे म्हणतात. ते आपोआप कळत नाही. ते शिकावे लागते.

दिवा, गालिचा आणि गाण्यातील एक ओळ

१९९२ साली डिस्नेचे ‘अल्लाद्दीन’ आले. आपल्या घरांतील आजचे तरुण आईबाप ते पाहतच मोठे झाले. त्यातील दिव्याचा जिन्न कोणास आवडला नाही? परंतु आरंभीच्या गाण्यात अशी एक ओळ होती की, या मुलखात तुमचे तोंड आवडले नाही तर तुमचा कान कापतात. अमेरिकेतील अरबांवरील अन्यायाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने तक्रार केली, आणि १९९३ साली घरी पाहण्याच्या प्रतीसाठी ती ओळ बदलण्यात आली. त्या मुलखास रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच ठेवला गेला. टीकाकारांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नायक व नायिका यांचे चेहरे व बोलणे अमेरिकन वळणाचे, आणि पहारेकरी, व्यापारी व कपटी वजीर यांची नाके लांब व उच्चार परके. मूल शब्द विसरते, परंतु कोणाचे नाक कसे होते हे विसरत नाही.

गंमत अशी की अल्लाद्दीनची गोष्ट अरबी रात्रींच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीच. आलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच पंडितास सांगितली, आणि तीत अल्लाद्दीन राहतो तो चीन देशात! एका सीरियन माणसाने सांगितलेली, फ्रेंच माणसाने लिहिलेली, चीनमध्ये घडणारी गोष्ट साऱ्या अरबांच्या माथी स्वभावचित्र म्हणून बसली.

सर्वांनीच हे मुकाट्याने सोसले नाही. स्कूबी-डू मालिकेतील शॅगी या लांबट पोराचा आवाज देणारे केसी कासेम हे लेबनॉनी घराण्यातले. १९८६ च्या सुमारास ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या मालिकेत ‘कारबॉम्बिया’ नावाचा एक अरब देश दाखवला गेला. नावातच मोटारीत ठेवलेला बॉम्ब! कासेम यांनी ते काम सोडून दिले. जॅक शाहीन या लेबनॉनी वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तर आयुष्य या अभ्यासात घातले. त्यांचे दूरदर्शनवरील अरबांविषयीचे पुस्तक १९८४ साली आणि चित्रपटांतील अरबांविषयीचे २००१ साली निघाले. पडद्यावरचा अरब आणि युरोपातील जुन्या द्वेषचित्रांतला यहुदी हे एकमेकांचे भाऊ शोभतात, हे त्यांनी दाखवून दिले. नाक तेच, पैशाचा लोभ तोच, दुसऱ्याच्या लेकीसुनांवरची नजर तीच. केवळ डोक्यावरचे वस्त्र बदलले.

चांगले चित्र कसे काढावे याचाही एक नमुना याच काळात मिळतो. १९९८ सालच्या ‘प्रिन्स ऑफ इजिप्त’मध्ये मोशेची आई योखेवेद आहे. तिचा गाता आवाज ओफ्रा हाझा यांचा. तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत १९५७ साली जन्मलेली ही तेमानी कुटुंबातील लेक. चित्रकारांनी योखेवेदचा चेहराही त्यांच्या चेहऱ्यावरून घेतला, आणि अनेक भाषांच्या आवृत्त्यांत ते गाणे ओफ्रा यांनीच गायिले. मोशेची आई कोणी गोरी युरोपीय बाई न दिसता अरबस्तानाच्या मातीतल्या यहुदी बाईसारखी दिसली. मलेशियासारख्या मुस्लिम देशांत संदेष्ट्याचे चित्र दाखवल्याबद्दल त्यावर बंदी आली हे खरे. परंतु आपल्यासारख्या पौर्वात्य यहुद्यांसाठी मात्र ती एक मोठी गोष्ट होती.

आपण कोणत्या बाजूचे?

आम्ही बेने इस्राएल या चित्रांच्या व्यवहारात विलक्षण जागी उभे आहोत. लांडग्याने सोंग घेतले ते यहुद्याचे, म्हणून ते आम्हांस टोचते. १९९० पासून ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टुनात अपू नावाचा भारतीय दुकानदार आला आणि परदेशी शाळांतील भारतीय मुलांना ‘अपू, अपू’ म्हणून चिडवले जाऊ लागले, तेव्हा तेही आम्हांस टोचते. आणि अपूचा आवाज काढणारे हँक अझारिया हे कोण? सेफार्दी यहुदी घराण्यातले, ज्यांचे पूर्वज थेस्सालोनिकीचे! २०१७ साली हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदी कलावंताने यावर एक माहितीपट काढला. अझारिया यांनी ते ऐकून घेतले, विचार केला, आणि २०२० साली तो आवाज सोडला. एका यहुदी नटाने एका भारतीयाची व्यथा समजून घेतली, याचा आम्हांस दोन्ही नात्यांनी आनंद वाटला.

दुसऱ्याने काढलेल्या चित्रात आपण बसत नाही म्हणजे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. १९६२ साली येथील रब्बी मंडळाने आपल्या विवाहांसाठी वंशावळीच्या चौकशीचे फर्मान काढले. का? कारण यहुदी कसा दिसतो, काय खातो, कोणती भाषा बोलतो याचे त्यांच्या मनातील चित्र पूर्व युरोपात काढलेले होते, आणि त्यात नऊवारी लुगडे, नारळाचे दूध व मराठी बोली यांना जागा नव्हती. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक येरुशलायीमला धरणे धरून बसले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच होत. चित्र बदलण्यासाठी माणसांना रस्त्यावर बसावे लागले!

येथील एका वर्गात आम्ही एकदा आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन चित्रे काढण्यास सांगितले, एक यहुद्याचे व एक अरबाचे. वर्गात आपल्या समाजाची पाच मुले होती. पाचांपैकी एकाच्याही यहुद्याला साडी नव्हती. पाचही चित्रांत काळी टोपी व दाढी होती. अरबाच्या चित्रात चार मुलांनी उंट काढला व तीन जणांनी वाकडी तलवार. त्यांतील एका मुलाला आम्ही विचारले, “बाळ, तुझी आई कोथिंबीर कोणाकडून घेते?” तो म्हणाला, “शूकमधल्या अबू सामीकडून.” “मग त्याच्याकडे उंट आहे का?” मूल थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “नाही बाई. त्याच्याकडे तराजू आहे. आणि तो मला काकडी देतो.” त्याने रबर घेतले व उंट खोडला.

अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकवले होते की मूल डोळ्याने आधी शिकते व कानाने मागाहून. परंतु येथे तर डोळ्यासमोर रोज दिसणारा भाजीवाला कार्टुनातल्या अरबापुढे हरला होता. ही चित्रांची शक्ती आहे, आणि तिची किंमत थोडी नाही. लोद व रामले येथे आपण व अरब एकाच गल्लीत राहतो. २०२१ च्या मे महिन्यात त्याच गल्ल्यांतून काय घडले ते आपण पाहिले आहे. दंगल काही कार्टुनामुळे होत नाही. पण ज्या दिवशी भीती पसरते, त्या दिवशी माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी मनातल्या जुन्या चित्राकडे पाहतो.

आजीची गोष्ट, जपानी कुंचला

आता पुन्हा सौदी अरेबियाकडे वळू, कारण तेथे गेल्या काही वर्षांत जे घडले ते चकित करणारे आहे.

१९७५ साली जपानी चित्रकार गो नागाई यांच्या कल्पनेतून ‘ग्रेंडायझर’ ही यंत्रमानवाची मालिका निघाली. आपला ग्रह उद्ध्वस्त झालेला एक राजपुत्र पृथ्वीवर आसरा घेतो व तिचे रक्षण करतो, अशी तिची कथा. पुढे लेबनॉनमध्ये तिला अरबी आवाज मिळाला, तोही यादवी युद्ध चालू असताना, आणि अरब देशांतील मुलांनी ती डोक्यावर घेतली. घर गमावलेला नायक कोणास जवळचा वाटणार नाही? मुंबई सोडून येथे रिकाम्या हाती उतरलेल्या आपल्या लोकांनाही तो वाटला असता. आज रियाधमध्ये त्या यंत्रमानवाचा तीस मीटरहून उंच पुतळा उभा आहे. ज्या देशात प्रतिमेस जागा नव्हती, तेथे!

२०१७ साली तेथे मांगा प्रॉडक्शन्स ही कंपनी स्थापन झाली. तिने जपानच्या तोएई कारखान्याबरोबर आपल्या गोष्टी आपणच सांगण्याचे ठरवले. २०१८ साली लाकूडतोड्याच्या खजिन्याची एक लोककथा आली. २०२० साली एक मालिका आली, तीत भविष्यकाळातील रियाधमधली आजी नातवंडांना अरबस्तानातील जुन्या कथा सांगते. २०२१ साली ‘द जर्नी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. अब्राहाने हत्ती घेऊन मक्केवर केलेल्या स्वारीची ती कथा. दिग्दर्शक जपानी, गोष्ट अरबी. याच्याही आधी, २०११ पासून, रियाधच्या मिरकॉट कारखान्यातील तरुण ‘मसामीर’ ही विनोदी चित्रे काढू लागले होते, आणि तीत सौदी माणसे आपल्याच समाजाची थट्टा करतात. त्या चित्रांतला अरब चोर नाही आणि साधूही नाही. तो आळशी आहे, बडबड्या आहे, मित्रांसाठी धावणारा आहे, अगदी आपल्या शेजाऱ्यासारखा.

आणि पोकेमॉन? सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने २०२२ साली निन्तेन्दो या जपानी कंपनीचे पाच टक्क्यांहून अधिक भाग विकत घेतले. पोकेमॉनच्या मालकीत निन्तेन्दोचा वाटा आहे. २०२५ साली त्याच निधीच्या मालकीतील एका कंपनीने ‘पोकेमॉन गो’ हा रस्तोरस्ती खेळावयाचा खेळ साडेतीन अब्ज डॉलर्सच्या व्यवहारात घेतला. ज्या पिवळ्या प्राण्यावर २००१ साली सहा टोकांच्या ताऱ्याचा आळ आला, त्याचा खेळ चोवीस वर्षांनी त्याच देशाच्या मालकीचा झाला. तारा कोठेही गेला नाही. भीती मात्र गेली, निदान कमी झाली.

पैशासाठी हे सारे चालले आहे, असे कोणी म्हणेल. थोडे खरेच आहे. तेलावर चिरकाल जगता येत नाही, हे त्यांनाही कळते. आणि त्या देशात मनुष्याला मोकळेपणाने बोलता येते असाही आमचा दावा नाही. परंतु शिक्षकाच्या नजरेने पाहता दुसरीही एक खूण दिसते. सौदी पाठ्यपुस्तके तपासणाऱ्या येथील एका संस्थेच्या अहवालांनुसार २०२० नंतरच्या आवृत्त्यांतून यहुद्यांविषयीचे कित्येक विषारी उतारे काढण्यात आले. २०२० च्या रमजानमध्ये सौदी मालकीच्या एमबीसी वाहिनीने आखाती देशातील एका यहुदी सुईणीभोवती गुंफलेली ‘उम्म हारून’ ही मालिका दाखवली. तिच्यावर टीका झाली, तरी ती दिसली. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी आकाशातून तेल अवीवला आले, तेव्हा तो रस्ता भारतातून येणाऱ्या आपल्या पाहुण्यांसाठीच उघडला. उघडलेल्या वाटा पुन्हा बंदही होतात, हे खरे. परंतु एकदा पुसलेला उंट पुन्हा काढावयास मूल सहसा राजी होत नाही.

परक्याचा साचा घेऊन आपली गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही. १८८० च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी हिंदू शेजाऱ्यांची कीर्तनाची पद्धत उचलली व तीतून अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने मराठीत सांगितली. टाळ, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग सारे तसेच, गोष्ट मात्र आपली. सौदी तरुणाने जपानी कुंचला घेतला, आपण कीर्तनाची वीणा घेतली. यात लाज नाही, शहाणपण आहे.

घरी काय करावे?

येथवर वाचलेल्या आईबापांना व आजीआजोबांना आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली, जुनी कार्टुने मुलांपासून लपवू नयेत. ती गोड आहेत, आणि लपवलेली वस्तू दुप्पट ओढते. त्यांच्याशेजारी बसून पाहावीत आणि संपल्यावर एक प्रश्न विचारावा. यात चांगला कोण, वाईट कोण, आणि कोणाच्या बोलण्याची नक्कल झाली? मुले स्वतःच उत्तरे शोधतात, आणि ती आपल्या उत्तरांपेक्षा बरी असतात.

दुसरी, ज्याचे चित्र पाहिले त्याच्या जातीचा एक तरी खरा माणूस मुलाला आठवावयास सांगावे. औषधाच्या दुकानातला अरब फार्मासिस्ट, बसचा ड्रायव्हर, रुग्णालयातील नर्स. त्या माणसाचे नाव घ्यावे. नाव आले की तलवार गळून पडते.

तिसरी, भारतातील चित्रेही दाखवावीत. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ हे सात-आठ मिनिटांचे चित्र काढले. त्यामागे मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे होत्या आणि चित्रांची बाजू भीमसेन यांची होती. जाळ्यात अडकलेली पाखरे एकत्र उडतात एवढीच कथा, परंतु बहीण भावाला जी एकी समजावते ती अनेकांना पुसून केलेली नाही. ज्या भारतात आपण, परंपरेनुसार, दोन हजार वर्षे राहिलो, तो भारत त्यात दिसतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, आपली चित्रे आपण काढावीत. आपल्या पुष्कळ घरांत एलियाहू हानाबींचे, अग्निरथातून आकाशात जातानाचे चित्र भिंतीवर आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या कातळावर त्यांच्या रथाची खूण आहे, असे आपल्या आज्या सांगत. ती खूण, मलिद्याचे ताट, नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले तारू, शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली, हे सारे नातवंडांना सांगावे, आणि कागद व रंग त्यांच्या हाती द्यावेत. हिब्रूत सांगा, मराठीत सांगा, मिसळून सांगा. एके दिवशी आपल्या लेकरांपैकी कोणी संगणकावर बसून शनवार तेल्याचे हलते चित्र करील. त्या दिवशी यहुद्याला साडी नेसवावयास कोणाची परवानगी लागणार नाही.

आणि ते चित्र काढताना त्याने शेजारच्या अरबाच्या हातात तराजू द्यावा, काकडी द्यावी, वाटल्यास पोकेमॉनचा पत्ताही द्यावा. एवढे आपण त्यास शिकवू शकलो, तर शिक्षक म्हणून आमचे आणि आईबाप म्हणून तुमचे काम झाले, असे समजावे.

सर्व वाचकांना शालोम.